येऊरच्या उतारावर ढिला झालेला पुढचा ब्रेक: डिस्क ब्रेकच्या बोल्टांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

प्रकरण ठाण्यातलं. सायकल चालवणारा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा, राहायला कोलशेतला, खाडीपासून फार लांब नाही. त्याचा मामा वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये फिटर. तिसरा मी, आमच्या रविवारच्या मंडळींत कुणाची सायकल कुरकुरली की ती माझ्याकडे येते. नावं मुद्दाम दिलेली नाहीत. ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत, मापं मात्र घेतली तशीच आहेत.

सायकल सेकंडहँड घेतलेली माउंटन बाइक. अल्युमिनियमची फ्रेम, पुढे सस्पेन्शन फोर्क (चाक धरणारा, धक्के शोषणारा चिमटा), मागे काही नाही, चाकं साडेसत्तावीस इंची. मूळची तारेवर चालणारी डिस्क ब्रेक आणि दोन्हीकडे 160 मिलिमीटरचे रोटर (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्या) होते. एक पावसाळा चिखलात काढल्यावर तारा घासायला लागल्या, तेव्हा मुलाने हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, ब्रेक बसवायचं ठरवलं. पुढे 180 चा रोटर घेतला. रोटर वाढला की कॅलिपर (रोटरला दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटणारा भाग) बाहेर सरकवावा लागतो, म्हणून मध्ये स्पेसरसारखा अडॅप्टर आला. त्याच खरेदीत टायटॅनियमच्या रंगीत बोल्टांचा एक संचही मागवला. रोटरचे बारा आणि कॅलिपरचे चार, निळ्या-जांभळ्या झाकेचे. इमारतीच्या पार्किंगमध्ये बसून त्याने सगळं स्वतः बसवलं, आणि बसवलं नीटनेटकं. ब्रेकमधली हवा काढण्याचं काम भल्याभल्यांना जमत नाही, ते त्याला पहिल्या फटक्यात जमलं होतं.

त्यानंतर नेहमीचा रस्ता: कोलशेतहून पोखरण रोड धरून उपवन, तिथून येऊरचा चढ, वर पाटोणापाड्याकडे मातीत थोडं भटकणं आणि परत उतार. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची कड. रस्ता सावलीचा, वळणांचा, आणि गतिरोधकांनी भरलेला. उतारावर दर थोड्या अंतराने जोरात ब्रेक, मग सोडणं, मग पुन्हा ब्रेक. बोल्ट ढिले करायला याहून चांगली सोय मुद्दाम शोधूनही सापडणार नाही.

अडचण

सुरुवात आवाजाने झाली. पुढचा ब्रेक दाबला की एकदा ‘टक्’, सोडून पुन्हा दाबला की परत ‘टक्’. त्याला वाटलं हेडसेट, म्हणजे हँडल वळतं तिथलं बेअरिंग, ढिला आहे. तपासणीही त्याने पुस्तकात असते तशीच केली: पुढचा ब्रेक दाबून धरायचा आणि सायकल पुढेमागे हलवायची. हाताला खेळ जाणवला. हेडसेट आवळला. आवाज तसाच. पुन्हा आवळला, तर हँडल जड वळायला लागलं, आवाज मात्र जागचा हलला नाही.

हा या प्रकरणातला पहिला फाटा. ब्रेक दाबून सायकल हलवल्यावर जाणवणारा खेळ हेडसेटचा असू शकतो, तसाच हलत्या रोटरचा किंवा ढिल्या कॅलिपरचाही असू शकतो. हाताला तिन्ही सारखेच लागतात. वेगळे ओळखायची युक्ती सोपी आहे. एक बोट हेडसेटच्या सांध्यावर ठेवून बघायचं, मग कॅलिपर आणि फोर्कच्या सांध्यावर, मग रोटर आणि हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) सांध्यावर. जिथे खेळ आहे तिथे बोटाखाली सूक्ष्म सरक जाणवते. त्याहून साधं म्हणजे ब्रेक न दाबता, चाक मांडीत घट्ट धरून हँडल पुढेमागे ढकलायचं. तेव्हा खेळ नाहीसा झाला तर हेडसेट निर्दोष आहे.

काही आठवड्यांनी, पावसात येऊरहून उतरताना, ब्रेकच्या लिव्हरमध्ये थरथर यायला लागली. तो बाजूला थांबला. रोटरच्या सहा बोल्टांपैकी एक जागेवर नव्हता, दोन बोटांनी फिरत होते. कॅलिपरचा वरचा बोल्ट जवळजवळ दोन आटे बाहेर आलेला. तो मागच्या ब्रेकवर हळूहळू उतरला नाही, सरळ चालत उपवनला आला आणि तिथून मला फोन केला. चालत येण्याच्या या निर्णयाचं कौतुक कुणी करत नाही, पण या संपूर्ण प्रकरणात सगळ्यात शहाणपणाचा निर्णय तोच होता. अर्धवट सुटलेला बोल्ट फिरत्या चाकातून कॅलिपरमध्ये अडकला तर पुढचं चाक जागीच थांबतं.

तपासणीत काय दिसलं

चाक काढून रोटर उतरवला. हबच्या ज्या चकतीवर रोटर टेकतो तिथे करड्या रंगाची बारीक पूड आणि चकाकणारे ओरखडे होते. रोटर तिथे सरकत होता. रोटरच्या भोकांच्या कडा एका बाजूने किंचित दबलेल्या दिसल्या, लांबट म्हणावं इतक्या नाहीत. बोल्टांचे आटे कोरडे, त्यांवर निळ्या लॉकरचा (आटे ढिले होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) मागमूस नाही.

मामाचा पहिला संशय मालावर होता.

“हे टायटॅनियम कशावरून?”

“मामा, बॉक्सवर लिहिलंय.”

“बॉक्सवर काय, कायपण लिहितात.”

एक बोल्ट त्याने ग्राइंडरला टेकवला. डोळे दिपतील अशा पांढऱ्याशुभ्र ठिणग्या उडाल्या. टायटॅनियमची ती खूणच आहे. अल्युमिनियमला ठिणगी येत नाही आणि साध्या पोलादाची पिवळसर, नारिंगी येते. म्हणजे माल खरा होता. बोल्ट गेला, पण शंका मिटली आणि तपास योग्य दिशेला लागला.

खरा धक्का कॅलिपरकडे होता. बोल्ट 25 मिलिमीटरचे. कॅलिपरचा कान, वायसर आणि अडॅप्टर यांतून बोल्ट घालून पलीकडे किती निघतो ते व्हर्नियरने मोजलं, तर 5 मिलिमीटर. म्हणजे फोर्कच्या आट्यांत बोल्टची पकड फक्त 5 मिलिमीटर, जेमतेम पाच आटे. एम-6, म्हणजे 6 मिलिमीटर व्यासाच्या, बोल्टच्या आट्यांमधलं अंतर 1 मिलिमीटर असतं, म्हणून हिशोब तोंडी होतो. फोर्कचा खालचा भाग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा. अशा मऊ धातूत बोल्ट त्याच्या व्यासाच्या दीड ते दोन पट आत असावा, म्हणजे एम-6 साठी 9 ते 12 मिलिमीटर. अडॅप्टर नसताना हेच बोल्ट लांबीला पुरेसे ठरले असते. अडॅप्टर आला, लांबी तीच राहिली.

नेमकं किती बळ येतं?

हा भाग मी मुलाला कागदावर करून दाखवला, कारण ‘मजबूत बोल्ट’ हा शब्द त्याच्या डोक्यातून जात नव्हता.

स्वार आणि सायकल मिळून 90 किलो धरू. जोरात ब्रेक मारला आणि वेग गुरुत्वाच्या निम्म्या दराने कमी झाला, तर टायर आणि रस्त्याच्या मध्ये सुमारे 440 न्यूटन बळ लागतं. उतारावर ते बहुतेक सगळं पुढच्या चाकावर येतं. चाकाची त्रिज्या साधारण 35 सेंटिमीटर, म्हणजे हबवर येणारा पीळ सुमारे 154 न्यूटन-मीटर. रोटरचे सहा बोल्ट 44 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात, मध्यापासून 22 मिलिमीटरवर. एवढ्या छोट्या त्रिज्येवर तोच पीळ सुमारे 7,000 न्यूटन होतो, सातशे किलोच्या आसपास. सहा बोल्टांत वाटला तर प्रत्येकी सव्वाशे किलोच्या आतबाहेर.

आकडा मोठा वाटतो. पण ए2-70 प्रतीच्या साध्या स्टेनलेसचा एम-5 बोल्ट आडवा कापायला सुमारे सहाशे किलोचं बळ लागतं. एकटा बोल्ट जवळजवळ पूर्ण भार पेलतो आणि आपण सहा लावतो. बोल्ट तुटण्याची काळजी इथे नाहीच. काळजी दाबाची आहे. बोल्टाने रोटर हबवर इतका घट्ट दाबून धरला पाहिजे की तो सरकूच नये. एकदा का तो केसभर सरकायला लागला, की प्रत्येक ब्रेकला बोल्टच्या डोक्याखाली आडवा हलकासा धक्का बसतो आणि बोल्ट आपोआप उलटा फिरत जातो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 मध्ये हे प्रयोगाने दाखवलं: बोल्ट सगळ्यात जास्त ढिला होतो तो आडव्या सरकण्याने. त्या पद्धतीची चाचणी आज युंकर चाचणी म्हणूनच ओळखली जाते. येऊरचा उतार हीच चाचणी फुकटात करून देतो.

टायटॅनियमबद्दल इथे एक गोष्ट सांगायला हवी. ते निरुपयोगी नाही. ग्रेड 5 चं टायटॅनियम ताकदीला ए2-70 स्टेनलेसपेक्षा वरचढ, वजनाला निम्म्याहून थोडं जास्त, गंजत नाही. या प्रकरणात त्याने काही बिघडवलं नाही, काही सुधारलंही नाही. कोरडे आटे आणि कमी आवळ असती तर पोलादी बोल्टही असेच निघाले असते. मुलाने ते कमी का आवळले? बोल्टच्या डोक्यातला टॉर्क्सचा (सहा टोकांच्या चांदणीचा) खाचा उथळ, रंग उडेल ही भीती, आणि हातात छोटं मल्टीटूल. रंगाच्या काळजीने बोल्ट ढिला राहिला, हे त्याने स्वतःच हसत सांगितलं.

पर्याय

आमच्यासमोर जे होतं ते सगळंच गंभीरपणे घेण्यासारखं नव्हतं. हरवलेल्याच्या जागी एक बोल्ट आणून आवळून टाकणे हा पर्याय मुलाच्या मित्रांनी सुचवला आणि तो तिथेच संपला. स्प्रिंग वायसर घालायचा विचारही आला. आपल्याकडे प्रत्येक मेकॅनिकच्या डब्यात ते असतातच, पण आडव्या सरकण्यापुढे त्यांचा जवळजवळ काही उपयोग होत नाही. पूर्ण आवळल्यावर तो वायसर सपाट होतो आणि साध्या वायसरसारखाच वागतो. शिवाय रोटरच्या बोल्टखाली वायसर घातला की आत जाणारे आटे कमी होतात आणि डोकं वर उचललं जाऊन फोर्कला घासायची भीती राहते.

पाचरीच्या जोड-वायसरांचा पर्याय खरा होता. दोन वायसर, आतल्या बाजूला उताराच्या पायऱ्या, बोल्ट उलटा फिरायला लागला की पाचर चढून दाब वाढतो. यंत्रांवर ते उत्तम काम करतात. पण त्यांच्या बाहेरच्या बाजूला कडक दाते असतात, ते कॅलिपरच्या मऊ अल्युमिनियममध्ये रुततात, आणि जाडीमुळे आत जाणारी लांबी पुन्हा घटते. ज्या जागी लांबीचीच बोंब होती तिथे ते नको वाटले.

लाल लॉकर. हा मामाचा आग्रह. “एकदा लावला की विषय संपला.” खरंच संपतो, अडचण तीच आहे. जास्त ताकदीचा लाल लॉकर सोडवायला अडीचशे अंशांपर्यंत तापवावं लागतं. रोटर कधी ना कधी बदलावा लागतोच. शिमानो कंपनीचा नवा रोटर 1.8 मिलिमीटर जाड असतो आणि 1.5 वर आला की काढून टाकायचा. तेव्हा बोल्टचा टी-25 मापाचा टॉर्क्स खाचा घसरला की ड्रिल हातात घ्यावं लागतं. मध्यम ताकदीचा निळा लॉकर हाताच्या पान्याने सुटतो आणि थरथरीत धरून ठेवतो. इथे मामाने माघार घेतली.

मग प्रश्न आला बोल्टच्या धातूचा, आणि त्यावर खरा वाद झाला. मामाचं म्हणणं 12.9 प्रतीचे काळे पोलादी एलन बोल्ट लावावेत, वागळेत कुठल्याही दुकानात मिळतात, ताकद स्टेनलेसच्या दीडपटीहून जास्त. मला दोन गोष्टी खटकत होत्या. एक, काळ्या बोल्टवर गंजापासून राखणारं जवळजवळ काही नसतं. कोलशेतच्या खाडीच्या हवेत पहिल्या पावसातच ते तांबूस होणार. दोन, ती जास्तीची ताकद वापरताच येत नाही, कारण समोरचे आटे मॅग्नेशियमचे आहेत. बोल्ट कितीही कडक असला तरी आधी आटे सोलले जाणार. मामाने विचारलं, “मग स्टेनलेस मॅग्नेशियमला खाणार नाही का?” प्रश्न बरोबर होता. दोन वेगळे धातू आणि खारट ओलावा एकत्र आले की त्यांतला जास्त क्रियाशील धातू झिजतो, आणि मॅग्नेशियम त्यात सगळ्यात हळवं. पण पोलादी बोल्टनेही तेच होतं, आणि आटे लॉकरने भरले असतील तर पाणी आत शिरायला वाट कमी उरते. शेवटी कॅलिपरसाठी ए2-70 स्टेनलेस ठरलं. टायटॅनियमचे बोल्ट वाया जाऊ नयेत ही मुलाची इच्छा होती. ते आता बाटलीच्या स्टँडवर शोभतात.

उरला प्रश्न तारेचा. मोटरसायकल शर्यतींत आणि विमानांत बोल्टच्या डोक्याला भोक पाडून त्यांतून तार पिळून बांधतात. कॅलिपरच्या बोल्टांसाठी शिमानोही डोक्यात भोक असलेले बोल्ट आणि त्यात बसणारी छोटी क्लिप देते. तसे तयार बोल्ट आम्हाला हव्या त्या लांबीत मिळाले नाहीत. मामा म्हणाला, भोक मी पाडतो. मी होकार दिला, पण एक गोष्ट आधी बोलून घेतली: तार बोल्टचा दाब टिकवत नाही, ती फक्त बोल्ट पडू देत नाही. दाब गेलेला बोल्ट तारेत लोंबकळत राहिला तरी ब्रेक हलणारच. म्हणून तार शेवटची, आधी लांबी, मग स्वच्छ आटे, मग लॉकर आणि मोजून आवळणं.

काय केलं

*लांबी.* फोर्कच्या भोकाची खोली मोजली: 14 मिलिमीटर. बाजारात एम-6 बोल्ट 25, 30, 35 अशा मापांत मिळतो. 30 घेतला तर पकड 10, चालण्याजोगी. 35 घेतला तर 15, म्हणजे बोल्ट तळाला टेकणार. हे सगळ्यात फसवं. पाना ‘घट्ट’ सांगतो, टॉर्क रेंच (ठरवलेला पीळ आला की आवाज करणारा पाना) ‘टक’ करतो, आणि कॅलिपर मात्र दाबलेलाच नसतो. मामाने 35 चे बोल्ट 32 ला कापले. कापण्याआधी बोल्टवर एक नट चढवून घेतला, टोक घासून घेतलं आणि मग नट उलटा काढला. नट निघताना कापलेले आटे आपोआप साफ होतात. आता पकड 12 मिलिमीटर, व्यासाच्या दुप्पट, आणि तळाशी 2 मिलिमीटर मोकळे.

*भोकं.* स्टेनलेसच्या डोक्यात 1 मिलिमीटरचं आडवं भोक पाडणं कटकटीचं आहे. ड्रिल वेगात फिरवलं की धातू जागीच कडक होतो आणि ड्रिलचं टोक मोडून आत बसतं. एक मोडलंच. पुढची भोकं कमी वेगात, तेल देत, सतत दाब ठेवून पाडली.

*जुने बोल्ट.* रोटर उतरवताना त्याचा एक बोल्ट पांढऱ्या भुकटीने धरलेला निघाला होता. खाच्यातली माती टाचणीने उकरून काढली, टी-25 चा बिट हातोडीने हलका ठोकून बसवला, सोल्डरिंग आयर्नचं टोक बोल्टच्या डोक्यावर टेकवून तापवलं आणि सरळ दाबून फिरवला. गंज सोडवायचा स्प्रे मुद्दाम टाळला. रोटरवर किंवा पॅडवर त्याचा एक थेंब गेला तर ब्रेक निकामी.

*आटे.* हबच्या आट्यांत टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारण्याची मामाची तयारी होती. नवा धारदार टॅप जुन्या आट्यांतून थोडा धातू कापतोच, म्हणून ते टाळलं. त्याऐवजी एका जुन्या एम-5 बोल्टला करवतीने उभी खाच पाडली आणि तोच हाताने आतबाहेर फिरवला. भुकटी खाचेत गोळा होऊन बाहेर आली. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन सुकवलं. लॉकर तेलकट आट्यांवर धरत नाही, आणि या कामात निम्मा वेळ स्वच्छतेतच गेला.

*रोटर.* सहा नवे पोलादी टी-25 बोल्ट, आट्यांवर कारखान्यातूनच निळा लॉकर लावलेले. असा बोल्ट एकदा काढला की त्यावरचा थर फाटतो, परत लावताना नवा थेंब द्यावा लागतो. किती आवळायचं यावर थांबावं लागलं. शिमानोच्या कागदात रोटरच्या सहा बोल्टांना 2 ते 4 न्यूटन-मीटर, तर स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या कागदात 6.2. दोन्ही बरोबर आहेत, आपापल्या बोल्टांसाठी. इथे रोटर आणि बोल्ट शिमानोचे होते म्हणून 4 ठरवले. मामाचा टॉर्क रेंच 20 न्यूटन-मीटरच्या खाली मोजतच नव्हता, मोटारीच्या चाकांचा तो. एका मित्राकडून 2 ते 20 चा छोटा रेंच आणला. रेंच नसेल तर अंदाजासाठी इतकं पुरे: 10 सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला चार किलोचा जोर दिला की 4 न्यूटन-मीटर होतात.

बोल्ट हाताने टेकेपर्यंत बसवल्यावर आवळण्याआधी रोटर चाकाच्या फिरण्याच्या उलट दिशेला ढकलून धरला. ब्रेक लागल्यावर रोटर त्याच दिशेला ढकलला जातो, तेव्हा भोकांतली फट आधीच संपवलेली बरी. मग समोरासमोरचे बोल्ट चांदणीच्या आकृतीत, दोन फेऱ्यांत आवळले.

*कॅलिपर.* दोन्ही बोल्ट लॉकर लावून सैल ठेवले, लिव्हर दाबून धरली, आणि आलटून पालटून थोडे थोडे आवळत 7 न्यूटन-मीटरवर नेले. शिमानोची मर्यादा 6 ते 8. एक बोल्ट आधी पूर्ण आवळला तर कॅलिपर त्याच्याबरोबर किंचित वळतो आणि पॅड एका बाजूने घासतो. मामाने तार पिळली, बोल्ट उलटा फिरू पाहील तर तार ताणली जाईल अशा दिशेने, आणि तिची टोकं आत वळवली. शेवटी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर पिवळ्या पेंट मार्करची सरळ रेघ. “आमच्याकडे ही रेघ नसेल तर माल गेटबाहेर जात नाही,” मामा म्हणाला.

लॉकरच्या बाटलीवरून एक गंमत झाली. नवी बाटली अर्धीच भरलेली निघाली आणि मुलगा दुकानदाराशी भांडायला निघाला. तो फसवला गेला नव्हता. हा लॉकर हवा नसताना घट्ट होतो. बाटलीत हवा राहावी म्हणून ती मुद्दाम पूर्ण भरत नाहीत. आट्यांत हवा नाही आणि धातू आहे, म्हणून तो तिथे गोठतो. स्टेनलेस आणि टायटॅनियमवर ही क्रिया पोलादापेक्षा सावकाश होते. म्हणून शनिवारी संध्याकाळी काम झालेली सायकल सोमवारी सकाळपर्यंत हलवायची नाही असं ठरलं. रविवारी सगळे येऊरला गेले आणि हा घरी बसला, हे त्याला जास्त लागलं.

निकाल

पहिली फेरी सपाट रस्त्यावर, रोटर आणि पॅड पुन्हा एकमेकांना सरावावेत म्हणून वेग घेऊन हळूहळू थांबणं, पुन्हा पुन्हा. मग येऊर. ‘टक्’ बंद. उपवनला उतरल्यावर रेघा पाहिल्या. रोटरच्या सहाही जागच्या जागी. कॅलिपरच्याही रेघा सरळ होत्या, पण खात्रीसाठी रेंच लावला तर वरचा बोल्ट 7 वर जाण्याआधी थोडा फिरला.

रेघ सरळ आणि तरीही दाब कमी, हे कसं? बोल्ट उलटा फिरलाच नव्हता. अडॅप्टरखाली फोर्कच्या तोंडावर रंगाचा जाड थर होता. तो दाबाखाली चेपला आणि तेवढा बोल्टचा ताण उतरला. रेघ फक्त फिरणं दाखवते, चेपणं दाखवत नाही. तारेनेही हे कळलं नसतं.

आता गोठलेला लॉकर फिरवल्यामुळे मोडला होता. तसाच ठेवायचा की पुन्हा सगळं उघडायचं? मुलाला तसाच ठेवायचा होता. बोल्ट घट्ट होता, तार होती. मी उघडायला लावलं, कारण रंग अजून चेपणार होता. अडॅप्टर काढून फोर्कच्या दोन्ही तोंडांवरचा रंग बारीक पॉलिश कागदाने, कागद सपाट पट्टीवर चिकटवून, फक्त टेकण्याच्या जागेपुरता काढला. आटे पुन्हा साफ, नवा लॉकर, नवी तार, नवी रेघ. त्यानंतरच्या फेऱ्यांत रेंच 7 ला न फिरता टकटकला. पावसाळा संपेपर्यंत एकही रेघ हलली नाही.

काय वेगळं करता आलं असतं

बोल्ट मागवण्याआधी अडॅप्टर हातात घेऊन मोजणं, हे सगळ्यात वर. संचात मिळणारे बोल्ट सरासरी सायकलसाठी असतात आणि अडॅप्टर लावलेली सायकल सरासरी राहत नाही.

आवाज आल्यावर हेडसेट दुसऱ्यांदा आवळण्याऐवजी बोट ठेवून सांधे तपासले असते तर बोल्ट पडण्याआधीच सापडला असता. त्याच्या मल्टीटूलमध्ये टी-25 होतं, खिशात होतं, त्या आवाजासाठी ते बाहेर काढावं असं त्याला सुचलं नाही.

तार लावायची गरज होती का? माझ्या मते नव्हती. लांबी, लॉकर आणि मोजलेली आवळ एवढ्याने काम झालं असतं. भोकं पाडण्यात गेलेला वेळ फोर्कच्या तोंडावरचा रंग पहिल्याच दिवशी पाहण्यात गेला असता तर दुसऱ्यांदा उघडावं लागलं नसतं. मामाला हे मान्य नाही. तार पाहिल्यावर त्याला बरं वाटतं, आणि भाच्याची सायकल असल्यावर मी त्यावर वाद घालत नाही.

मागच्या ब्रेकचे बोल्ट आम्ही त्याच दिवशी उघडायला हवे होते. तेही त्याच संचातले, तसेच कोरडे. ते पुढच्या आठवड्यात उघडले तेव्हा दोन ढिले निघाले.

एक निर्णय अजून लटकलेला आहे. फोर्कच्या वरच्या भोकातले पहिले दोन आटे 5 मिलिमीटरच्या पकडीने ओढले गेले आहेत. आत्ता 7 धरतात, 8 वर नेऊन पाहायचं आम्ही टाळलं. मामा म्हणतो, हेलिकॉइल (भोक मोठं करून आत बसवायची, नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवू, अर्ध्या तासाचं काम. वर्कशॉपमधल्या यंत्राच्या कव्हरवर तो रोज बसवतो. पण फोर्कच्या पायाला पातळ मॅग्नेशियममध्ये मोठं भोक पाडायचं, तेही पुढच्या ब्रेकच्या बोल्टसाठी, आणि ड्रिल जरा तिरकं गेलं तर परत फिरण्याची सोय नाही. मी फोर्कचा खालचा भाग बदलायच्या बाजूने आहे. तूर्त दर महिन्याला रेंच 7 वर लावून पाहायचं, आणि ज्या दिवशी तो टकटकण्याआधी बोल्ट मऊ फिरेल त्या दिवशी सायकल तिथेच उभी करायची, एवढं तिघांना मान्य आहे.